एका वेटोळ्याचं ऐकणं

डिंडोली, सुरत
१२ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप आईस, कमलचा वाकून नमस्कार.

आई, नूतनला ऐकू आलं!

एका ट्रस्टच्या मदतीने तिच्या कानात बसवलेलं यंत्र सोमवारी मुंबईत सुरू केलं. कानाच्या आत शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी असते. दोन वर्षांपूर्वीच्या मेंदूज्वराने नूतनचं ऐकणं गेलं आणि ही नळी हाडाने भरत गेली, म्हणून यंत्राची तार पहिल्या वेटोळ्यापर्यंतच गेली. एवढ्यावर कितीसं ऐकू येणार, याचीच धास्ती होती. डॉक्टर म्हणाले, "सवयीने येईल. तोंड झाकून बोला, म्हणजे ती ओठ न बघता ऐकेल."

आम्हाला तेच कठीण. लूमच्या खात्यात मागांच्या खडखडाटामुळे सगळे नुसते ओठ हलवतात, आणि हिच्याशी आम्ही घरीही तसेच बोलायचो.

आज मी पदराआडून हाक मारली. ती चटकन वळली. "मम्मी, तुझा आवाज पत्र्यासारखा येतो!" ह्यांना इतका आनंद झाला की नुसतेच ओठ हलवत राहिले. ती खेकसली, "पप्पा, आवाज काढा ना!" मग हे असे ओरडले की शेजारच्या पुष्पाबाई धावत आल्या.

तुझे गुडघे कसे आहेत? आखाजीच्या सणाला माहेरी येतोच. झोक्यावरची गाणी तिला अजून नीट कळणार नाहीत. तरी तू म्हण.

तुझी,
कमल