दुआच्या यादीतलं पहिलं नाव

अझीझिया, जेद्दा

प्रिय शरफुन्निसा,

सलाम. मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर घरातले सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या इथल्या शेजाऱ्याच्या हाती धाडतोय.

परवा उमऱ्यासाठी मक्केला निघालो, तर आपल्या लाइबाने लंडनहून दुआसाठी नावं पाठवली. पहिलंच नाव रूथ! जीव घाबरला, लगेच फोन लावला. तिच्या युनिव्हर्सिटीत सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी एक प्रार्थनाघर आहे. पोर तिथेच नमाज पढते. रूथबाई तिथल्या पाद्री, त्यांचं ऑपरेशन आहे.

मी तडकलो, "आईबापाच्या आधी पाद्रीबाई?"

म्हणाली, "अब्बा, मी इतकी खचले होते की रमजानभर खोलीबाहेर पडले नाही. इफ्तारला त्या रोज खजूर घेऊन दारात यायच्या."

रमजानभर मीही रोज फोन करत होतो गं. विचारायचो फक्त अभ्यासाचं.

काबा शरीफसमोर रूथबाईंचं नाव आधी घेतलं. मग तुझं, माझं, आपल्या लेकाचं, हाशिरचं. यादी संपली, तरी लाइबाचं नाव आलंच नाही. ते मी माझ्या मनाने घेतलं.

पत्र मिळताच तिला फोन कर. परीक्षेचा विषय काढू नकोस. जेवलीस का, एवढंच विचार.

तुझा,
हुसेनमियाँ