अळंबीची भुकटी पाठवत नाही

ती. बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, हे आईला आवर्जून सांगा.

तुम्ही लिहिलंत, "चिनी वैद्यांची ती अळंबी तूच वाढवतेस, मग माझ्या यकृतासाठी डबाभर भुकटी पाठव." वाढवते मीच. आमच्या प्रयोगशाळेत लाकडाच्या भुशावर उगवते, पॉलिश केलेल्या बुटासारखी चकचकीत.

मागच्या आठवड्यात तिचा अर्क काचेच्या बश्यांत वाढवलेल्या यकृताच्या कॅन्सरच्या पेशींवर घातला. कुठल्या बशीत काय घातलंय हे मेलेल्या पेशी मोजणाऱ्याला सांगायचं नाही, अशी इथली रीत. मोजायला मी होते. एका बशीत बहुतेक पेशी मेलेल्या दिसल्या आणि मी मनातल्या मनात तुम्हाला फोनही लावला. मग आमच्या प्रमुख बाईंनी यादी उघडली. त्या बशीत अळंबी नव्हतीच. अर्क ज्यात विरघळवतो ते नुसतं स्पिरिट होतं, आणि ते मीच जास्त कडक बनवून ठेवलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. "घरी पेशंट असला की डोळ्यांना हवं ते दिसतं," एवढंच म्हणाल्या.

प्रयोग पुन्हा लावलाय. अळंबीत गुण असेल तर आम्ही तो शोधूच. पण बशी म्हणजे तुमचं पोट नव्हे. डॉक्टरांची गोळी माणसांवर पारखलेली आहे, ती चुकवू नका.

आई म्हणाली, चहाच्या डब्यामागे कसलीशी पुडी आहे. कुठून आणलीत ते विचारत नाही. सोमवारी डॉक्टरांना दाखवा, तोवर तोंडात घालू नका. भूक लागते ना आता?

पुढच्या महिन्यात येतेय. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स फेकू नका. आल्यावर मोजणार आहे, आणि मोजण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

तुमचीच,
धाकटी