बिनपावडरची पोरं

८ जानेवारी १९६८, सोमवार
बेडशाच्या वरची वाडी. वजनाचा काटा घेऊन चढले, कंबरडं मोडलं. पोरांच्या दोन याद्या केल्या. एकांना डब्यातल्या पावडरचं दूध, दुसऱ्यांना काही नाही, मग दोघांची वजनं बघायची. पावडरवाल्यांच्या दाराला खडूची खूण, खडू माझ्याच हातात. ठमाबाईची सोनी बिनपावडरची निघाली. पोर म्हणजे नुसत्या काड्या.
ठमा म्हणाली, "बाई, माज्या दारालाबी खूण करा की." म्हटलं, नियम आहे.

२२ जाने., सोमवार
सगळा घोटाळा! बायांनी पावडर एकाच पातेल्यात कालवली आणि अख्ख्या वाडीची पोरं गोल बसवून पाजली. विचारलं तर म्हणे, "एकाला द्यायचं न् दुसऱ्याला बघत बशिवायचं व्हय? आमच्यात न्हाई तसं." आमचे पुण्याचे डॉक्टर लालबुंद. "अभ्यासाची माती केली!" मूर्ख बायका, असं मीही म्हणाले. त्यांच्या तोंडावर.

३ फेब्रु., शनिवार
आता शाळेच्या खोलीत, आतून कडी लावून, माझ्यासमोर पाजायचं. सोनी बाहेर, दाराच्या फटीला डोळा लावून. आतली पोरं वाटी चाटतात ते बघत. मी फटीत फडकं कोंबलं. शाबास बाई.

१६ फेब्रु., शुक्रवार
सोनीचं वजन उतरलं. डॉ. खूश! "फरक दिसायलाच हवा."
मी म्हटलं, दुसऱ्या यादीला डाळभात दिला असता तर? उपाशी पोरांपुढे काय, काहीही जिंकेल.
हसले. "डाळवाले पगार देतात का तुम्हाला?"
म्हणजे माझा पगार, काटा, डॉ.ची जीप, सगळं पावडरच्या कारखान्याचं. आणि मी इतके दिवस समजत होते, सरकारी काम. डब्यावरचं नाव रोज वाचूनसुद्धा! गाढव आहे मी.
नोकरी सोडावी. पण आईचं औषध, खोलीचं भाडं... नाही सोडली.

४ मार्च, सोमवार
सोनीला ताप, हगवण. पिशवीत अर्धा डबा होता. ठमाला देणार, तोच डॉ. म्हणाले, "शनिवारी शेवटचं वजन. तोवर काही नाही." हात मागे घेतला. ठमाने बघितलं.
"ऱ्हाऊ द्या बाई. तुमचं प्वाट भरलं म्हंजी झालं."
लागलं. लागायलाच हवं होतं.

९ मार्च, शनिवार
ठमाच्या झोपडीचं कवाड बाहेरून बांधलेलं. शेजारच्या मावशीला विचारलं, सोनी कुठाय?
"कशाला? वजनाला? न्हाई सांगत, जा."
खाली जीपमध्ये डॉ. वाट बघत. "रकाना रिकामा नको. अंदाजे लिहा. कमीच लिहा."
लिहिलं. कमीच लिहिलं, खाली सही केली. सोमवारी अहवाल कारखान्यात जाणार. पोर वडगावच्या दवाखान्यात आहे, मामाकडे आहे, की... पुन्हा वर जाऊन विचारायची माझी छाती झाली नाही.