एका कानाला दिशा कळत नाही

बाबा, नमस्कार. आई, हे त्यांच्या उजव्या कानाशी बसून वाच, म्हणजे ऐकू आलं नाही म्हणायला जागा नको.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, निदान रविवारी. आईचा गुडघा कसा आहे?

काम विचारलं होतंत. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने, आम्ही अभ्यासतो त्या ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राची लांब शेपटी होते. तिच्यातून तापलेल्या, विद्युतभारित वायूचे गोळे धावतात. गोळा गेला एवढंच आमच्या यानाला कळायचं. ग्रहाकडे गेला की बाहेर, ते नक्की सांगता येत नसे. आता शेपटीत ग्रहापासून आणखी लांबवर दुसरं यान आहे. काल चाहूल आधी त्याला लागली, मग पहिल्याला. म्हणजे गोळा ग्रहाकडेच येत होता. आनंदात मी चहा कीबोर्डवर सांडला.

मग तुम्ही आठवलात. हॉर्न कुठून वाजतोय ते तुम्हाला रस्त्यात कळत नाही, असं आई म्हणाली. कपाटात ठेवलेलं डाव्या कानाचं मशीन लावा, बाबा. ‘ते म्हाताऱ्यांसाठी’ हे उत्तर मला पाठ आहे. आमचं यान तरुण आहे, तरी त्यालाही जोडीला दुसरं लागलंच.

पुढच्या महिन्यात येतेय. हाक मागून मारीन. कुठल्या बाजूला वळायचं ते तुम्ही ओळखायचं.

तुमची धाकटी