मोहन्याचा नकाशा

सोमवार, १८ नोव्हेंबर ९६
गोळी घेतली. डॉक्टर म्हणाला घेतली की लिहून ठेवा, म्हणून लिहिते. शाळा चौथीत सुटली, अक्षर असंच येणार.
आज मोहन्यानं सांबाराचं पातेलं भिंतीवर मारलं. कॅलेंडरवरचा गणपती सोंडेपर्यंत पिवळा. सुमी पुसायला गेली तर तिच्या हातातलं फडकं हिसकून तिच्याच तोंडावर. सुमी म्हणजे माझी सून, त्याची बायको. लग्न झाल्यापासून पुसतेच आहे.
कारण काय, तर ऑफिसात साहेबानं नातीला, रेणीला, काम दिलं, बापानं लिहिलेलं काढून टाकायचं. बाप-लेक एकाच कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यानंच चिकटवली तिला, गल्लीभर पेढे वाटून. आता म्हणतो घरात साप पाळला.
ताक-भात खाल्ला सगळ्यांनी. त्यानंही. पातेल्याला पोचा आलाय.

बुधवार, २० नोव्हें.
गोळी.
रेणीला विचारलं, असं काय काढायचंय बाई, ज्याच्यापायी पातेलं गेलं. म्हणाली, अज्जी, मशीनमध्ये एक फाईल एका जागी अखंड नसते. तुकडे करून जागा मिळेल तिथं टाकतात.
— बोकड कापून घरोघर वाटतात तसं?
— तसंच. मग कुठला तुकडा कुठल्या घरी गेला, हे सांगणारं काहीतरी लागतं. ते अप्पांनी लिहिलेलं. एकेका तुकड्याचा एकेक पत्ता. यादी भरली की दुसऱ्या यादीचा पत्ता, तिच्यात तिसरीचा. आता नवी रीत आलीय. इथून पुढं सलग इतकी घरं आपली, झालं. सगळे नव्या रीतीनंच जातात. जुनी नुसती पडून आहे, येता-जाता पायात येते. आपल्या दारावर नाही का, जुना नंबर नि नवा नंबर? जुन्याची पाटी काढायची, एवढंच.
— पाटी काढायला एवढा पगार देतात?
हसली. मो. दारात उभा होता, ते दोघींनी बघितलं नाही. काढ, म्हणाला, माझ्या मढ्यावरनं जाऊन काढ. आणि थोबाडीत. कानातलं उडून मोरीत गेलं. पोर रडली नाही. मोरीत हात घालून कानातलं काढलं, धुतलं, परत घातलं, बस पकडायला गेली.
रक्त माझंच आहे तिच्यात. त्याच्यातही माझंच, ते वेगळं.

शनिवार, २३ नोव्हें.
मो. दुपारपासून पीत बसला. आई, म्हणाला, कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हा लिहिलंय मी ते. पंखा नव्हता. कागदावर घामाचे डाग पडायचे. आज सगळे त्याच्यावर बसून पगार खातात नि म्हणतात जुनाट. ते गेलं की माझं तिथं काय उरलं? गेटवर बसवतील, वॉचमन.
म्हटलं, वॉचमनला कपडे फुकट मिळतात.
ग्लास फेकला माझ्यावर. लागला नाही. नेम लहानपणापासून वाईट. सुमीच्या टाचेत काच गेली, चिमट्यानं काढली.

मंगळवार, २६ नोव्हें.
रेणीनं ऑफिसातनं छापून आणलेला कागदांचा गठ्ठा मो.नं बंबात घातला. सगळा. उभा राहून जळताना बघत होता.
रेणी म्हणाली, अप्पा, ती नुसती नक्कल होती. अस्सल मशीनमध्ये आहे.
पाणी मात्र छान तापलं. मी डोक्यावरून न्हायले.
न्हाऊन आले तर रेणी बाहेर त्याच्या स्कूटरची सीट ईळीनं फाडत होती. शांतपणे, भोपळा चिरावा तशी. बघितलं. ईळी तेवढी धुऊन जागेवर ठेव म्हटलं.

शुक्रवार, २९ नोव्हें.
गोळी विसरले, आता घेतली.
मो. गोड झालाय. हे वाईट. पाऊस थांबून उकडायला लागतं तसं वाटतं. रेणुका म्हणून हाक मारली तिला, अख्खं नाव. जवळ बसून विचारलं, सगळं तपासलंस ना बाळा? जुन्या नकाशाला अजून विचारणारं कोणी राहिलं नाही ना?
— नावानं शोधलं अप्पा. एकही नाही. तुम्हाला ठाऊक आहे का कोण?
— नाही गं. कोण असणार.
उजवा अंगठा बोटावर घासत होता.
हे त्याचं लहानपणापासूनचं. गूळ तू खाल्लास? नाही. अंगठा चालू. परीक्षेला बसलास? हो. अंगठा चालू. सुमीचा दात पडला तेव्हा म्हणाला पायरीवरनं घसरली, अंगठा चालू. तोंड साधूसारखं ठेवता येतं मेल्याला. अंगठा ऐकत नाही.
रेणीला परसात नेऊन सांगितलं. बाप खोटं बोलतोय. कोणीतरी राहिलंय, त्याला माहीत आहे कोण.
— अज्जी, मी इतके दिवस डोळे फोडून शोधलंय. साहेबांना काय सांगू, अप्पांचा अंगठा हलला?
सरी, बरं. नको ऐकू.

मंगळवार, ३ डिसेंबर
काढलं म्हणे आज. ऑफिसात टाळ्या वाजवल्या. जाडजूड होतं, साफ गेलं, म्हणाली, जिथं अगदीच भोक पडत होतं तिथं एक रिकामं खोकं ठेवलंय. म्हैसूरपाक आणला. मो.नं दोन खाल्ले, तिसरा पानात ठेवून घेतला. तिच्या डोक्यावर हात ठेवला.
मी अर्धाच खाल्ला. वड्या तुपकट होत्या.

गुरुवार, ५ डिसें.
गोळी घेतली.
रेणी जेवणाच्या वेळेलाच घरी आली. ओठ पांढरे. ऑफिसातलं मोठं मशीन गेलं. झालं असं. सगळे एकदम कामाला बसले की मशीनचा हात भरतो. मग ते हातातलं सामान थोडा वेळ डिस्कवर टाकतं. कुठं टाकायचं, हे जुन्या नकाशालाच विचारत होतं. नावानं हाक मारत नव्हतं, म्हणून शोधताना सापडलं नाही. नुसतं बोट करायचं, ए तिथला, सांग. आणि तिथं आता रेणीचं रिकामं खोकं. खोकं म्हणालं शून्य. मशीननं शून्य नंबरचं घर धरलं, म्हणजे डिस्कचं डोकं, सगळा हिशेब जिथं असतो ते, आणि सगळं सामान नेऊन त्या डोक्यात ओतलं. धड शाबूत आहे, पण कुठला तुकडा कोणाचा, सांगणारं कोणी नाही. सगळ्यांचं वर्षानुवर्षांचं काम. राखून ठेवलेल्या नकलेच्या टेपा आहेत, त्या वाचता येत नाहीत.
साहेब म्हणाला सोमवारपर्यंत उभं कर, नाहीतर येऊ नकोस. आणि दुसरीकडं कोण घेतं बघतोच.
मो. आज घरीच होता. पानावर बसला होता. भात कालवता कालवता हसायला लागला. मला ठाऊक होतं, म्हणाला. ते मीच लिहिलंय, मला ठाऊक नसणार? विचारायचं होतंस नीट.
— विचारलं होतं!
— बापाला शिकवायला निघाली.
रेणी त्याच्या अंगावर गेली. पानावरून. दंडाला चावली, मांस तुटेपर्यंत. त्यानं वेणी हाताला गुंडाळली नि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. परत. बोटंच मोडतो, म्हणाला, बघू कशी बडवतेस मशीन. तिचा हात चौकटीत धरला नि डाव्या हातानं दार ओढायला लागला. सुमी नुसती अय्यो, अय्यो.
वरवंटा पाट्यावरच होता. चटणी वाटत होते मी.
त्याचा उजवा हात तिच्या मनगटावर, चौकटीला दाबलेला. तिथंच घातला. नेम माझा चांगला आहे.
ओला बांबू मोडतो तसा आवाज आला. त्याच्या हाताला ओलं खोबरं नि रक्त. पहिल्यांदा ओरडला तो, आई म्हणून.
इथंच आहे म्हटलं.

शुक्रवार, ६ डिसें.
गोळी दोनदा घेतली बहुतेक.
मो.चा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. अंगठा सुद्धा आत. डॉक्टरला म्हणाला स्कूटरवरनं पडलो. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.
शेजारची लक्ष्मम्मा कुंपणावरनं, अक्का, काल कसला आवाज?
— नारळ फोडला.
— एवढा मोठा?
— जुना होता.
रेणीच्या कपाळाला टाके. बोटं सगळी हलतात. मी एकेक हलवून घेतलं.
सुमी त्याला घास भरवते. पहिला घास दिला तेव्हा तिचा हात त्याच्या दातांपाशी गेला नि थांबला. मला वाटलं आता काय करते. भरवला. काहीच केलं नाही. तिची गंमतच वाटते मला.

रविवार, ८ डिसें.
साहेब घरी आला. जे. पी. नगरहून, सफरचंदं घेऊन. प्लास्टर बघून म्हणाला, अय्यो मोहन, रस्ते किती खराब.
बोलणं ऐकलं ते असं. डिस्कच्या डोक्याच्या नकला मो.नं त्या वेळी ठिकठिकाणी ठेवल्या होत्या. जवळच्या सगळ्या पुसल्या गेल्या. एक लांब टाकलेली आहे, ती शाबूत असणार. कुठं, ते मशीनमध्ये लिहिलंय. त्याच मशीनमध्ये, जे मेलंय. नाहीतर मो.च्या डोक्यात.
त्या जागेचा आकडा मशीनला दिला की तिथली नक्कल उचलून मशीन आपलं आपण उभं राहतं. पण एकदाच. चुकीच्या जागेवरनं उचललं तर उरलेलं धडही फाडून टाकील.
मो. म्हणाला, सांगतो. माझं होतं तसं परत बसवायचं. आणि हिनं राजीनामा द्यायचा.
साहेब सफरचंद फिरवत बसला. रेणी कपाळाची पट्टी चाचपत होती. ती नोकरी सोडली तर दुसऱ्या दिवशी तिला बघायला माणसं येतील, मो.नं धारवाडची दोन स्थळं खिशात घालून ठेवलीत. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, साहेबाला नाही.
मी आतनं वरवंटा आणला, टीपॉयवर ठेवला. सफरचंदांच्या शेजारी.
— मोहन, डावा अजून चांगला आहे तुझा.
साहेब म्हणाला, अम्मा, स्वल्प, जरा शांत...
— तुम्ही सफरचंद खा.
साहेबानं हातातलं सफरचंद परत ठेवलं. मग मो. म्हणाला, उद्या सांगतो. मशीनसमोर बसली की फोन करायला सांगा.
वर बघितलं नाही.

सोमवार, ९ डिसें.
गोळी घेतली.
आज देवळाकडं भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. सकाळपासून रस्ता माणसांनी फुटतोय. सुमीनं शेरभर आणल्या. मो. खाटेवर, प्लास्टर पोटावर ठेवून.
अकराच्या सुमारास फोन. रेणीचा. त्याच्याशी बोलणार नाही म्हणाली, तू विचार अज्जी, मला तू सांग.
विचारलं. त्यानं छताकडं बघत आकडा म्हटला. लांबलचक. मी एकेक करून फोनमध्ये म्हटला. पलीकडं टकटक.
मग रेणी म्हणाली, अज्जी, अंगठा बघ.
मी बघितलं. पांढरं प्लास्टर. बोटांची टोकं तेवढी बाहेर, सुजून वांग्यासारखी. अंगठा आत.
— दिसत नाही गं. प्लास्टरात आहे.
पलीकडं माणसं बोलत होती मागं.
— मग तोंड बघ त्याचं.
तोंड बघितलं. साधू. इतक्या वर्षांत त्याचं तोंड वाचायला मी शिकलेच नाही, अंगठ्यावर भागत होतं. आणि तो अंगठा मीच मोडला.
थांब म्हटलं. फोन खाली ठेवला, वरवंटा घेतला, त्याचा डावा हात खाटेच्या लाकडावर धरला. परत म्हण.
परत म्हटला. तोच. एकही आकडा चुकला नाही. पण गुळाच्या वेळीही तो दोनदा सारखंच सांगायचा.
— आई, तुला काय वाटतं, मी पोरीचं वाईट करीन?
— केलंयस.
तो परत छताकडं बघायला लागला.
फोन उचलला. तोच म्हणतोय, सांगितलं.
— दाबू?
काय सांगणार. तिचा हात, तिची नोकरी. हो म्हटलं आणि फाटलं, तर मी म्हणाले म्हणून फाटलं. नको म्हटलं तर आजच घरी बसली.
म्हटलं, बोटं तुझी आहेत बाई, मी वाचवली तेवढी वाचवली.
हसल्यासारखा आवाज आला. रडल्यासारखाही असेल, फोन जुना आहे. मग एकच टक. ठेव अज्जी, म्हणाली, वेळ लागतो, झालं की करते.
ठेवला.
सुमी शेंगा फोडून त्याच्या तोंडात घालतेय. तो चावतोय, नजर फोनवर. माझीही. टरफलं खाटेखाली पडतात, आज कोणी पुसत नाही.
फोन वाजला नाही अजून. वरवंटा मांडीवर आहे, जड आहे, पाय बधिर झालाय. तरी ठेवत नाही खाली.