पाणमांजराने बोलायचं नसतं

७ जानेवारी, मंगळवार

आमच्या डॉगवुडला चार! दहापैकी चार! आणि समिटला नऊ. शाळांना मार्क देणारी ती वेबसाइट रॉइसने जेवतानाच उघडली आणि मोठ्याने वाचून दाखवली. नवरा असावा तर असा. वर म्हणतो, "बाईसाहेब, बारा वर्षं तिथे केमिस्ट्री शिकवताय. चारातला एक मार्क तरी तुमचा असेलच की!"

आमची विनी आठवीत आहे, ऑगस्टपासून हायस्कूल. काउंटीत हायस्कुलं तीन, पण तिसरं इतकं लांब की बसमध्येच पोरगी म्हातारी व्हायची. म्हणजे डॉगवुड नाहीतर समिट. आमचं घर डॉगवुडच्या हद्दीत, म्हणजे आपोआप तीच शाळा. पण शिक्षकांच्या मुलांना कुठलीही शाळा मागता येते, अर्ज ३१ तारखेपर्यंत. माझं ठरलंय — समिट. डॉगवुडमध्ये मात्र कुणाला चकार शब्द बोललेले नाही.

विनी ग्रिट्सच्या लापशीत चीज ढवळत बसली होती.

९ जानेवारी, गुरुवार

समिट बघून आलो. मी डोक्यावर रॉइसची टोपी घातली होती, कुणी ओळखू नये म्हणून. तो म्हणे, "बँक लुटायला निघालीस का?"

काय ती लॅब! धूर ओढून घेणारी कपाटं सहा. आमच्याकडे एक, तेही दमेकऱ्यासारखं घरघरतं. पार्किंगमध्ये पोरांच्या गाड्या आमच्या मुख्याध्यापकांच्या गाडीपेक्षा भारी. शाळा दाखवणाऱ्या मोत्यांच्या कुड्यावाल्या बाईंनी विचारलं, "आपण काय करता?" म्हटलं, काउंटीत नोकरी. "काउंटीत कुठे?" शिक्षण खात्यात! रॉइसला तिथेच खोकल्याची उबळ आली. गाडीत बसल्या बसल्या सुरू झाला — "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

विनीने सबंध वेळात एकच प्रश्न विचारला. "इथे मुलं दुपारी कुठे बसून खातात?" कुड्यावाल्या बाई म्हणाल्या, बरीचशी आपापल्या गाडीत. विनी "बरं" म्हणाली. लॅब बघायची सोडून हिला खाण्याची पडलीय!

१४ जानेवारी, मंगळवार

विनीला समिटचे फायदे समजावले. ती म्हणाली, "पण आई—" मी म्हटलं, आधी माझं पूर्ण ऐकून घे. ऐकलं. "हो आई" म्हणाली. गुणी आहे पोरगी.

१७ जानेवारी, शुक्रवार

झालं! तेवीसला आठवीवाल्यांचा मेळावा. काउंटीच्या मोठ्या जिममध्ये प्रत्येक हायस्कूलचं टेबल, पालक एकेक बघत फिरणार. बीचम सर — आमचे मुख्याध्यापक — स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉगवुडच्या टेबलावर टॉलिव्हर बाई! शाळेबद्दल यांच्याइतकं तळमळीने दुसरं कोण बोलतं?" टाळ्यासुद्धा वाजल्या. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रॉइसला सांगितलं तर तो जमिनीवर बसून हसला. "आणि आम्ही तेव्हा समोर समिटच्या टेबलावर! तुला हात करायचा का नाही?"

२३ जानेवारी, गुरुवार

आजच लिहायला हवं.

मेळाव्याला पोचते तर बीचम सर कपाळाला हात लावून उभे. आमच्या शाळेचं चिन्ह पाणमांजर. खेळाला, मिरवणुकीला एक जण ते केसाळ सोंग घालून नाचतो. या वर्षी माझ्या वर्गातली डेस्टिनी घालते, आणि डेस्टिनीला फ्लू! समिटचा गरुड तर पंख फडफडवत जिमभर फिरतोय. मी म्हटलं, आणा इकडे, मी घालते! सरांना वाटलं काय ही निष्ठा. निष्ठा कसली — तोंड लपवायला याहून चांगली जागा नव्हती.

आत घामट वास, दिसतं फक्त जबड्याच्या जाळीतून. आणि नियम एकच, काउंटीतल्या लहानमोठ्या सगळ्या पोरांना पाठ असलेला — सोंगातल्याने बोलायचं नाही. काही झालं तरी. पाणमांजर बोललं की शाळेची लाज गेली.

नाचले, टाळ्या दिल्या, एका आजोबांना मिठी मारली. मजा येत होती खरंच! मग जाळीतून बघते तर समोर विनी, एकटी. रॉइस पलीकडे समिटच्या टेबलावर फुकटची पेनं गोळा करण्यात गुंग. दार सताड उघडं, गार वारं, आणि हिचं जॅकेट नेहमीसारखं मोकळं. सवयीने माझा पंजा गेला आणि चेन वर ओढली गेली. तिने क्षणभर माझ्या प्लास्टिकच्या डोळ्यांत पाहिलं. मग अगदी जवळ येऊन हळूच बोलायला लागली.

"माझी आई तुमच्याच शाळेत शिकवते. घरी येऊन तुमच्या पोरांच्या गोष्टी सांगते आणि हसून हसून डोळे पुसते. दुपारी अर्धा वर्ग तिच्या लॅबशेजारच्या खोलीत खायला बसतो म्हणे. मला पण तिथेच बसायचंय." माझा पंजा हातात घेतला. "ती म्हणते, माझी पोरं कुणापेक्षा कमी नाहीत. मग तीच शाळा मला का कमी पडते? ती त्यांच्याशी खोटं बोलते की माझ्याशी?"

तोंडापर्यंत शब्द आले. अगं विनी, तसं नाही गं! पण समोर बीचम सर, मागे पालकांची रांग. गिळले सगळे शब्द. त्या केसाळ डोक्यात रडले आणि नाक पुसायचीही सोय नव्हती. तिने पंजा दाबला आणि गेली.

रॉइस घरी म्हणतो, "तू होतीस कुठे? ते पाणमांजर मात्र झकास नाचत होतं." सांगितलं नाही. कुणालाच नाही.

२६ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये लक्ष नाही. बिस्किटं करपली. ती विचारते ते खरंच आहे. दुसऱ्यांच्या पोरांना छातीठोक सांगायचं, आणि स्वतःची पोर म्हटली की दहापैकी किती!

२९ जानेवारी, बुधवार

विनीला विचारलं, तुला कुठे जायचंय? आणि जीभ आवरून गप्प बसले. रॉइस दोनदा वळून बघून गेला, बरं नाही की काय हिला!

विनी म्हणाली, "डॉगवुड." मी म्हटलं, बरं. भीती वाटते अजून. सहा कपाटं डोळ्यांसमोरून जात नाहीत. पण बरं म्हटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. अर्ज केला नाही. हद्दीतल्या शाळेला लागतच नाही.

सकाळी बससाठी निघाली तेव्हा मी तिची चेन गळ्यापर्यंत ओढली. ती म्हणाली, "त्या दिवशी पाणमांजरानेसुद्धा अशीच ओढली होती." मी दारातच खिळले. म्हणजे तुला माहीत होतं? "चेन ओढलीस तेव्हाच कळलं." मग कळूनसुद्धा एवढं सगळं बोललीस?

"कळलं म्हणूनच बोलले, आई. पाणमांजराला मध्ये बोलता येत नाही."