मिरजेचा जोड

चाचा, तुम्ही गेलात त्याच वर्षी मी कंपनीची प्रमुख झाले. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, कारण कारखान्यातली माणसं तुमच्याकडे यायची बंद झाली होती. आणि मी तुमच्यासमोर बसले होते तेव्हा ही गोष्ट झालेली असूनही बोलले नाही. मोठ्या साहेबांना हृदयाचा त्रास सुरू झाला. ज्यांनी हा कारखाना उभा केला त्यांनाच रोज यायला जमेना, आणि संचालकांनी माझं नाव पुढं केलं. आता माझ्या दारावर मुख्य कार्यकारी अधिकारी अशी पाटी आहे. खिडकीतून कराडचा तोच रस्ता दिसतो, हंगामात उसाचे ट्रॅक्टर जातात, वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो. तुम्ही नाकाला रुमाल लावायचात आणि म्हणायचात, मिरजेत निदान औषधांचा वास तरी येतो.

मी कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. गाव म्हसवडच्या अलीकडचं, वडील सैन्यातून सुभेदार म्हणून परतलेले. त्यामुळं सैन्यासाठी दवाखान्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मुलगी लागली याचं घरात कौतुक होतं. तुम्ही वर्कशॉपचे प्रमुख. मिरजेत तीस वर्षं दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस म्हणून मोठ्या साहेबांनी तुम्हाला मुद्दाम आणलेलं. सोमवारी सकाळच्या गाडीनं यायचात, शनिवारी संध्याकाळी परत जायचात. पहिल्या दिवशी मी तुमच्या हातात ड्रॉइंग दिलं, ते तुम्ही बाजूला ठेवलंत आणि एक सक्शन मशीन माझ्यापुढं आणून ठेवलंत. घशात साचलेलं रक्त आणि कफ ओढून घेणारं ते यंत्र कुठल्यातरी दवाखान्यातून दुरुस्तीला आलं होतं आणि कुणी धुतलेलं नव्हतं. ते खोलून, धुऊन, पुसून परत जोडायला मला अख्खा दिवस लागला. नळीत वाळलेलं रक्त होतं. तुम्ही शेजारच्या लेथवर काम करत होतात. संध्याकाळी हात पुसत एवढंच म्हणालात, "आता दाव तुजं ड्रॉइंग."

मला तुम्ही पोरी म्हणायचात. मी चाचा म्हणायचे. पुढची नऊ वर्षं असंच चाललं. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा उघडून अर्धी चपाती आधी माझ्या ताटात टाकायचात, मग बोलायला लागायचात. एकदा सांगितलंत ते मी विसरलेले नाही. मिरजेच्या एका दवाखान्यात भर दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू होईना, आणि यंत्रावर श्वास घेणारी एक बाई तिथं होती. तुम्ही दुसरंच काहीतरी दुरुस्त करायला गेला होतात. नर्स एकटी, पेशंट तीन. तिनं हातानं दाबायची श्वासाची पिशवी तुमच्या हातात दिली आणि पळत पुढच्या खाटेकडे गेली. तुम्ही ती पिशवी ऊन खिडकीतून खाटेवर येईपर्यंत दाबत राहिलात. मी विचारलं, किती वेळा दाबायची ते कसं कळलं, मोजत होतात का. तुम्ही म्हणालात, "मोजायचं न्हाई. तिच्या छातीकडं बघायचं." ती बाई वाचली असं मागाहून कळलं, पण तिचं नाव विचारायचं तुमच्याकडून राहून गेलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक यंत्राकडे बघून तुमचा पहिला प्रश्न एकच असायचा. हे बंद पडल्यावर काय?

आणि मग तो व्हेंटिलेटर आला. जवानाच्या पाठीवर बांधून डोंगरावर नेता येईल असा, आमच्या कंपनीचं सगळ्यात मोठं काम. मी तोवर विकास विभागाची प्रमुख झाले होते. सैन्यानं वजनाची मर्यादा घालून दिली होती आणि आमचं यंत्र पावकिलोनं जास्त भरत होतं. हे पावकिलो म्हणजे तुमचा जोड. पेशंटकडे जाणाऱ्या नळीवर तुम्ही एक वेगळं तोंड काढलं होतं. यंत्र बंद पडलं तर नळी न काढता, एक खटका फिरवून, तिथं हाताची पिशवी बसवता यायची. मी तो जोड काढून टाकला. पेशंटची नळी यंत्रापासून सोडवून पिशवी लावता येतेच, शिवाय जास्तीची बॅटरी सोबत दिलेली आहे, असा माझा हिशेब. चुकीचा नव्हता तो, कागदावर.

बैठकीला सैन्याचे दोन अधिकारी आले होते, मोठे साहेब होते, आणि तुम्हाला नमुना दाखवायला बोलावलं होतं. तुम्ही नमुना टेबलावर ठेवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात की ह्यात एक गोष्ट कमी हाय. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. मी समजावून सांगू शकले असते, नंतर बोलू म्हणू शकले असते. मी म्हणाले, "चाचा, हा मिरजेतला दुरुस्तीचा गाळा नाही." कुणीतरी हसलं. तुम्ही नमुन्यावरची धूळ नसलेली जागा बोटानं पुसलीत आणि म्हणालात, "बरं, मॅडम."

त्यानंतर तुम्ही मला कधी पोरी म्हणाला नाहीत. रागावला नाहीत, काम अडवलं नाहीत, उलट त्या यंत्राचे पहिले पाच नग तुम्हीच जोडलेत. दोन महिन्यांनी गुडघे दुखतात म्हणून राजीनामा दिलात. निरोपाच्या दिवशी मी पुण्याला होते. काम होतं, पण ते दुसऱ्या दिवशीही करता आलं असतं.

चाचणीसाठी आमचं एक यंत्र बर्फातल्या एका ठाण्यावर नेलं तेव्हा मी सोबत गेले. बाईनं कशाला, असं एक संचालक म्हणाले, म्हणून हट्टानं गेले. चाचणी रबरी पुतळ्यावर व्हायची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या चौकीतून चार जण एका जवानाला उचलून घेऊन आले. उंचीमुळं त्याच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, ओठ निळे पडले होते. तिथल्या डॉक्टरांपाशी दुसरं यंत्र नव्हतं. त्यांनी पुतळ्याची नळी काढली आणि आमचं यंत्र त्याला लावलं. यंत्र चाललं, चाचा. त्याच्या ओठांचा रंग बदलताना मी बघितलं. मी बाजूला उभी होते आणि मला वाटत होतं की हे आपण केलं. मग थंडीनं बॅटरी ठरल्या वेळेच्या निम्म्यातच संपली आणि यंत्र थांबलं. दुसरी बॅटरी त्याहून गार, ती लागेच ना. नर्सिंगचं काम करणारा जवान नळी सोडवायला गेला, पण नळी यंत्रात जिथं बसते तिथं श्वासातल्या ओलाव्याचं बर्फ झालं होतं. तो पिळत होता, नळी निघत नव्हती. तो पाटणकडचा होता, आदल्या दिवशी आम्ही गावाकडचं बोललो होतो. त्यानं माझ्याकडे वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, ह्याला पिशवी लावायला दुसरी जागाच न्हाई व्हय?"

त्यानं कात्रीनं नळी कापली, तुटक्या टोकावर पिशवी धरली आणि सांधा मुठीत आवळून दाबत राहिला. डॉक्टर गरम पाण्याचं भांडं घेऊन बॅटरीशी झटत होते. तो पाटणचा जवान मात्र मोजत नव्हता, छातीकडे बघत होता. हेलिकॉप्टर येईपर्यंत त्यानं हात सोडला नाही. पेशंट वाचला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी अहवालात लिहिलं की यंत्र उपयुक्त आहे, बॅटरीच्या आवरणात सुधारणा हवी. जोडाबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नाही, कारण तिथं काही असू शकलं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. आणि तुम्हाला.

परत आले तर मोठे साहेब दवाखान्यात, आणि महिन्याभरात मी त्यांच्या खुर्चीत. संचालकांच्या पहिल्याच बैठकीत मी सांगितलं की हा जोड बसवल्याशिवाय एकही यंत्र बाहेर जाणार नाही. त्यांना ते पटेना. अहवाल चांगला आलाय, सैन्याला माल वेळेवर हवाय, आणि तुम्ही स्वतःच काढलेली गोष्ट स्वतःच परत घालताय का, असं एकानं मला विचारलं. मी म्हणाले की हो, मी चुकले होते. एवढं वाक्य त्या खोलीत बोलायला मला जमलं. कदाचित तिथं तुम्ही नव्हता म्हणून जमलं. शेवटी त्यांनी सहा आठवडे दिले आणि अट घातली की वजन मर्यादेत बसलं पाहिजे. आम्ही चार आठवडे झगडलो. पितळेचा जोड जड व्हायचा, ॲल्युमिनियमचा केला तर शीतपेटीत खटका गोठून बसायचा. माझ्या हाताखालची पोरं हुशार आहेत, पण कुणालाच सुधरेना. पाचव्या आठवड्यात मी गाडी काढली आणि मिरजेला आले.

तुम्ही पलंगावर टेकून बसला होतात. श्वास लागत होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि शेजारी भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. त्याचा एक स्क्रू सैल आहे असं तुम्ही मला सांगितलंत. चाचींनी पाणी दिलं, चहा टाकायला त्या आत गेल्या. मी पिशवीतून ड्रॉइंग काढलं आणि तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही चष्मा लावलात. बराच वेळ बघितलंत. तुमचं बोट त्या जोडावर आलं आणि थांबलं. सगळं तुम्हाला तिथंच कळलं, मला काही सांगावं लागलं नाही. वर न बघता तुम्ही विचारलंत, "कुणी गेलं का?"

मी म्हणाले, "नाही. वाचला."

"मग झालं," म्हणालात.

मग तुम्ही कामाला लागलात. धातू कशाला घेताय, धातूला बर्फ धरतं, पांढऱ्या नायलॉनचा खटका करा, असं सांगितलंत. आणि ड्रॉइंगवरच्या उचलायच्या दांडीवर नखानं रेघ मारलीत. पाठीवर पट्ट्यांनी बांधून न्यायचं यंत्र, त्याला वर दांडी कुणासाठी? दांडी काढली की वजन बसतं. आम्ही नऊ इंजिनिअर ती दांडी दीड वर्षं बघत होतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुम्ही मॅडम म्हणत होतात. चाची चहा घेऊन आल्या तोवर मी कागद पिशवीत घातला होता. चहा प्यायले, तब्येतीला जपा म्हणाले आणि उठले. माफी मागायचं वाक्य कराडहून निघाल्यापासून मनात तयार होतं. ते मी तसंच परत घेऊन गेले. पंधरा दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं. त्या दिवशी नव्या जोडाची चाचणी होती. मी मयताला आले नाही.

जोड चालला. वजन मर्यादेच्या आत बसलं. आता जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो असतो. ड्रॉइंगमध्ये त्याला नुसता एक आकडा आहे, पण वर्कशॉपमधली जुनी माणसं त्याला मिरज म्हणतात. मिरज बसवलं का, मिरज तपासलं का, असं दिवसभर चालू असतं. नवीन आलेल्यांना वाटतं, तो माल मिरजेहून येतो. मी तो शब्द वापरत नाही, मला तो तोंडात घेता येत नाही. गेल्या पावसाळ्यात एका सुपरवायझरनं पट्ट्याचं एक बक्कल उलटं बसतंय म्हणून अख्खी लाइन थांबवली, माल ट्रकवर चढायचा बाकी असताना. मी खाली गेले तेव्हा माझ्या जिभेवर काय आलं होतं ते तुम्हाला ओळखता येईल. ते गिळलं, एवढंच. बदलले असं म्हणणार नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. लिहून झालं की कपाटात, तुमच्या नखाची रेघ असलेल्या त्या ड्रॉइंगखाली ठेवीन. पण एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे आणि तिच्यासाठीच मी सकाळपासून बसले आहे.

मागच्या महिन्यात मी चाचींकडे गेले होते. तुम्हाला सांगायचं राहिलं ते निदान त्यांना सांगावं, असं ठरवून गेले होते. शेजारची एक बाई बसली होती. चाचींनी माझा हात धरून मला तिच्याजवळ बसवलं आणि तिला सांगायला लागल्या, "ह्या त्याच मॅडम. आमच्या ह्यांची तब्येत बिघडली तवा कंपनीतनं एकट्या ह्याच बघाय आल्त्या. कराडास्नं, खास तेवढ्यासाठी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "व्हय की न्हाई, मॅडम?"

मी हो म्हणाले, चाचा.